पहाटे पाचची थंडी आणि शोकेसमधला इग्वाना

प्रश्न : डॉक्टर, आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो. मुलानं कॉलेजात असताना इग्वाना, म्हणजे मोठा सरडा, आणला होता, नाव बंड्या. मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि बंड्या माझ्या गळ्यात पडला. तीन वर्षांचा आहे, शेपटीसकट साडेतीन-चार फूट भरेल. काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत जुनं लाकडी शोकेस आहे, त्यात तो राहतो. उबेसाठी आत दोनशेचा बल्ब, रात्री लाल झिरोचा बल्ब, खाली ऑनलाइन मागवलेला ‘गरम दगड’ आणि रात्री शोकेसवर रजई. परवा थंडी फार होती म्हणून दोनशेचा बल्बही रात्रभर चालू ठेवला होता. तरी पहाटे देवपूजेला उठलेल्या सासूबाईंनी पाहिलं तर बंड्या काळाठिक्कर, हात लावला तरी हलेना. दुपारच्या उन्हात सावरला. पण खाणं निम्म्यावर आलंय आणि पोटाखाली रुपयाएवढा तपकिरी डाग दिसतोय. सासूबाई म्हणतात, खोलीत शेगडी ठेव. मुलगा फोनवर म्हणतो, अजून मोठा बल्ब लाव. मला तर घराला आग लागायची भीती वाटते. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे. पण त्याआधी पोटाखालच्या डागाचं बोलू, कारण तो डाग बहुतेक भाजल्याचा आहे आणि भाजलंय ते त्या दगडानं.

गरम दगड म्हणजे आत तापणारी तार घातलेला गोळा. तो सगळीकडे सारखा तापत नाही, एखाद्याच जागी चटका बसेल इतका तापतो. इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहणारा प्राणी. त्याच्या जगात ऊब वरून येते, सूर्याकडून. पोटाखालून चटका बसतोय हे त्याला वेळेत उमगतच नाही. त्यात सगळं शोकेस गार आणि तेवढाच दगड गरम असेल, तर तो रात्रभर त्यालाच चिकटून बसणार. तेव्हा हा अंक खाली ठेवा आणि आधी दगडाची पिन काढा. दगड परत लावायचा नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यायचाही नाही.

डागावर हळद-तूप, टूथपेस्ट, घरातलं भाजल्याचं मलम यातलं काही लावू नका आणि माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका. खाली कोरे कागद किंवा वर्तमानपत्र अंथरा, रोज बदला. सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे दोन-तीन दिवसांत न्या. या प्राण्यांचं भाजणं किती खोल आहे ते लगेच कळत नाही. वरून रुपयाएवढा दिसणारा डाग काही दिवसांनी खालून बराच मोठा निघालेला मी पाहिलाय.

दुसरं, रजई. पेटलेला बल्ब असलेल्या लाकडी कपाटावर कापसाची रजई टाकून सगळे झोपायला गेलात, हे वाचून माझ्याच पोटात गोळा आला. कापूस लगेच धडाडून पेटेलच असं नाही, आतल्या आत धुमसत राहू शकतो.

तिसरं, शेगडी. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि शेगडी अंगणातच ठेवा. बंद गॅलरीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग. बंड्या तर जाईलच, पण गॅलरीचं दार घरात उघडत असेल तर तुम्हालाही धोका आहे.

आता मोठ्या बल्बाचं. तुमच्या मुलाचा तर्क साधा आहे : थंडी जास्त, तर बल्ब मोठा. नाशिकमध्ये हा तर्क चालत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत दुपारी दोनला गच्चीवर बनियनवर बसता येतं आणि पहाटे पाचला नळाला हात लावायची हिंमत होत नाही. दुपारी अठ्ठावीस-तीस अंश आणि पहाटे दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. निफाडकडे तर आणखी कमी. पहाटे पाचला कमी पडलेला बल्ब दुपारी दोनला त्याच बंद शोकेसची भट्टी करतो. तीनशेचा लावलात तर पहाट निभावेल, दुपारी बंड्या शिजेल. निफाडचे द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात त्या दिवसभर पेटत्या ठेवत नाहीत, पारा उतरतो तेव्हा, पहाटेच पेटवतात. तुम्हालाही नेमकं हेच हवं : गरज असेल तेव्हा पेटणारी आणि नसेल तेव्हा आपोआप विझणारी ऊब. ते काम थर्मोस्टॅटचं, बल्ब मोठा करून ते होत नाही.

बंड्याला किती ऊब लागते ते सांगते. दिवसा एका कोपऱ्यात वर, फांदीवर, त्याच्या पाठीशी ३५ ते ३८ अंश. ही त्याची ऊन खायची जागा. त्या बाजूची हवा ३० च्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला, खालच्या बाजूला २५-२६. रात्री सगळीकडे २३-२४ चाललं तर उत्तम, २१ च्या खाली जाऊ द्यायचं नाही. उबेइतकाच तो गार कोपराही महत्त्वाचा आहे. इग्वानाला घाम येत नाही, अंगात स्वतःची उष्णताही फारशी तयार होत नाही. तो जागा बदलून आपलं तापमान सांभाळतो. सगळं शोकेस एकसारखं गरम केलंत तर त्याला जायला जागाच उरत नाही.

तो काळा का पडला, तर थंडीनं. गडद रंग ऊन जास्त शोषून घेतो, म्हणून गारठलेला इग्वाना काळवंडतो. खाणं कमी होण्याचं कारणही तेच. त्याचा आहार पाल्याचा, आणि पाला त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात तेव्हा पचतो. इडलीचं पीठ थंडीत फुगत नाही, तसंच आहे हे. ऊब नाही तर आंबवण नाही, आंबवण नाही तर भूक नाही. म्हणून बळजबरीनं भरवू नका. गार पोटात पाला तसाच पडून राहतो. ऊब नीट झाली की रोज सकाळी, दिवा लागून तासभर झाल्यावर शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, थोडा किसलेला लाल भोपळा द्या. संध्याकाळी उशिरा खाऊ घालू नका. गारठून हालचाल बंद पडणं हे त्याच्या जातीलाच आहे. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सुटलेले इग्वाना खूप झालेत, आणि जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्यानं लोकांना सांगितलं होतं की रात्री झाडांवरून इग्वाना पडताना दिसले तर नवल करू नका. त्यातले बरेच उन्हं आल्यावर उठून चालू लागतात. पण असं वारंवार होऊ देऊ नये, फुप्फुसाचे आजार मागे लागतात.

आता प्रत्यक्ष मांडणी. शोकेस गॅलरीतून आत घ्या. नुसत्या काचांनी बंद केलेली गॅलरी रात्री घरापेक्षा पाच-सहा अंशांनी सहज गार असते. आतल्या भिंतीला लावलेलं शोकेस म्हणजे अर्धं काम फुकटात झालं. मागच्या बाजूला, बाहेरून, थर्माकोलची शीट लावली तर चालेल. आतून नको. इग्वाना ते कुरतडतो, आणि दिव्याजवळ थर्माकोल वितळतो, पेटतो.

दिवसासाठी एक साधा हॅलोजन बल्ब, ७५ किंवा १०० वॅटचा, टायमरवर, सकाळी सात ते संध्याकाळी सात. रात्रीसाठी सिरॅमिक हीटर, १०० किंवा १५० वॅटचा. दिसायला बल्बसारखाच, पण चिनीमातीचा आणि उजेड अजिबात न देणारा. लाल झिरोचा काढून टाका. नावाला झिरो असला तरी तो दहा-पंधरा वॅट वीज खातो, ऊब नगण्य देतो. आणि इग्वानाला रंग चांगले दिसतात, लाल उजेडात त्याची झोप मोडते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण घरं पेटतात ती इथे. सिरॅमिक हीटर आट्याचा असतो आणि आपल्या घरातले होल्डर पिनचे. मग दुकानदार वीस-तीस रुपयांचा प्लॅस्टिकचा कन्व्हर्टर काढून देतो, हे इथे बसवा, झालं. नाही झालं. या हीटरचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढे तापतो आणि ती उष्णता मागे होल्डरकडे जाते. प्लॅस्टिकचा होल्डर आधी पिवळा पडतो, मग कडेनं तपकिरी होतो, त्याला तडा जातो, मासळीसारखा वास येतो आणि एक दिवस आतली तार उघडी पडते. तुमच्या दोनशेच्या बल्बचा होल्डर आज काढून बघा, कड तपकिरी झालेली असण्याची शक्यता बरीच आहे. होल्डर चिनीमातीचाच हवा, आट्याचा, आणि त्याला जोडलेली वायर उष्णता सोसणारी. इलेक्ट्रिशियनला ‘पोर्सिलेनचा होल्डर’ असं स्पष्ट सांगा.

दोन्ही दिवे शोकेसच्या आत नकोतच. सुताराकडून शोकेसच्या छताला एका टोकाला दोन्ही दिव्यांना पुरेल एवढा चौकोन कापून घ्या आणि त्यावर अर्ध्या इंची छिद्रांची जाड लोखंडी जाळी पक्की ठोका. पत्र्याचा डोम घातलेले दिवे वरून, जाळीच्या बाहेर, लावा. म्हणजे बंड्या उडी मारो, लटको, शेपटी फटकारो, काच किंवा हीटर त्याच्या अंगाला लागणारच नाही. कापलेल्या लाकडाच्या कडांपासून दिवा अर्धा फूट तरी लांब हवा, आणि कडांना सिमेंट शीटच्या पट्ट्या लावून घ्या. डोम नुसता जाळीवर टेकवून ठेवू नका, वरून हुकाला साखळीनं टांगा. मांजर किंवा मोलकरणीचा झाडू लागून तो आडवा पडला, तर पुढचं सांगायला नको. बसायची फांदी दिव्याखाली अशी बांधा की बंड्याची पाठ दिव्यापासून फूटभर तरी राहील. मग मोजून फांदी वर-खाली करा.

मोजून म्हणजे मोजूनच. हाताला गरम लागतंय, इतक्यावर काही ठरवू नका. प्रोबवाले, म्हणजे वायरच्या टोकाला तापमान मोजणारं बोंड असलेले, दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक उबदार बाजूला, एक गार बाजूला. फांदीचा पृष्ठभाग मोजायला इन्फ्रारेड गन उत्तम. तुमच्याकडे कोविडच्या काळातली कपाळाची गन पडली असेल, पण ती माणसाच्या तापापुरती जुळवलेली असते. तिच्यात पृष्ठभागाचा मोड असेल तरच वापरा.

थर्मोस्टॅट पेट शॉपमध्ये महाग मिळतो. त्याच कामाचे, अंडी उबवण्याच्या यंत्रांसाठी वापरतात ते, पोल्ट्रीचं सामान विकणाऱ्यांकडे स्वस्तात मिळतात आणि आपल्या जिल्ह्यात पोल्ट्रीवाल्यांना तोटा नाही. सिरॅमिक हीटरला साधा चालू-बंद होणारा चालतो. त्याचं सेटिंग २४ ठेवा. दिवसा शोकेस तापलेलं असलं की हीटर आपोआप बंद राहील, रात्री पारा उतरला की लागेल.

आणि प्रोब कुठे, कसा लावायचा यात मी स्वतः एकदा सपाटून मार खाल्लाय. माझ्याच दवाखान्यात एक इग्वाना भरती होता. पिंजऱ्यातला प्रोब मी सेलोटेपनं चिकटवला होता. आत पाणी फवारत होतो, दमटपणानं रात्री टेप सुटली, प्रोब दाराच्या फटीतून बाहेर फरशीवर पडला. फरशी गार. थर्मोस्टॅट बिचारा फरशीचं तापमान मोजत राहिला आणि हीटर लावत राहिला. सकाळी सहाला दार उघडलं तर आत ४३ अंश, आणि तो प्राणी तोंड उघडून खालच्या कोपऱ्यात पडलेला. वाचला, कारण तो कोपरा जरा गार होता. तेव्हापासून मी प्रोब केबल-टायनं दोन ठिकाणी बांधते, बसायच्या उंचीवर, दिव्याच्या थेट झोतापासून बाजूला. शिवाय हॅलोजन आणि हीटर, दोन्हींच्या वाटेत एक दुसरा थर्मोस्टॅटही टाकते, ३६ वर कापणारा. त्याचा प्रोबही फांदीपासून लांब, हवेत. पहिला अडकला तर हा तोडतो. थर्मोस्टॅटच्या आतली रिले, म्हणजे वीज चालू-बंद करणारा भाग, कधीकधी चिकटून चालूच राहते, तेव्हाही हाच उपयोगी पडतो.

वीजजोडणीला सस्ती मल्टिपिन नको. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच. बरेच लोक त्याला ईएलसीबीच म्हणतात, म्हणा. नवं घर असेल तर बोर्डात आधीच असेल, त्याचं टेस्टचं बटण दाबून पडतो का बघा. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे फवारलेलं पाणी ओघळून थेट पिनेत शिरणार नाही. फवारणी लागणारच आहे. आपली थंडी कोरडी, त्यात हीटर, आणि इग्वानाला दमटपणा हवा. नाहीतर कात बोटांवर आणि शेपटीच्या टोकावर अडकते आणि रक्तपुरवठा आवळते. दिवसातून दोनदा, दिव्याच्या विरुद्ध बाजूला फवारा. तापलेल्या हॅलोजनवर थेंब उडाला तर काच तडकते.

बिलाचं विचारलं नाहीत, पण पुढच्या महिन्यात विचाराल. शंभरचा हॅलोजन बारा तास, म्हणजे १.२ युनिट. दीडशेचा हीटर रात्रभर अखंड चालला तर १.८, पण थर्मोस्टॅटमुळे बहुधा त्याहून बराच कमी. अतिनील किरणांची ट्यूब (तिचं पुढे सांगते) अर्धा युनिट. जास्तीत जास्त साडेतीन युनिट रोजचे. तुमचा दोनशेचा बल्ब परवासारखा रात्रंदिवस जाळला तर त्यातच ४.८ जातात.

ही ट्यूब तुमच्या पत्रात कुठेच नाही. बंड्याला ऊब आणि पाला दोन्ही मिळालं तरी यूव्हीबी या अतिनील किरणांशिवाय अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम मुरत नाही, हाडं मऊ पडतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन यासाठी निरुपयोगी, काच ते किरण अडवते. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची ट्यूब लावा आणि ती दिसायला पेटती असली तरी सहा महिने ते वर्षभरानं बदला. नाशिकच्या थंडीतलं दुपारचं ऊन मात्र फुकटचं टॉनिक आहे. बाराच्या सुमारास जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धी सावली ठेवून, गच्चीवर अर्धा तास. काचेच्या पेटीत ठेवून उन्हात कधीच नको.

रात्री वीज गेली तर? इन्व्हर्टर असेल तर हीटर त्यावर घ्या. दीडशे अँपिअर-तासाची बॅटरी नवी असेल तर एकटा हीटर सात-आठ तास निघतो. इन्व्हर्टर नसेल तर बंड्याला सुती उशीच्या अभ्र्यात घाला, हवेला भोकं पाडलेल्या थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, बाजूला गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून. पाणी उकळतं नको, हात ठेवून राहवेल इतकंच. आणि तो पुन्हा गारठलेला सापडला तर घाईनं दिव्याखाली धरू नका, तासा-दोन तासांत हळूहळू ऊब द्या.

शेजाऱ्यांनी कुणी घोरपड पाळलीय म्हणून ओरड केली तर गोंधळू नका. घोरपड आपली, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली, ती पाळणं गुन्हा आहे. इग्वाना परदेशी आहे, पण त्यालाही नियम आहेत. २०२२ ची कायद्यातली दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांमुळे असे परदेशी प्राणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात. मुलानं नोंदवलाय का ते त्याला आजच विचारा, नसेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन मार्ग काढा. आणि बंड्याला हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, सासूबाई देवपूजेला बसण्याआधी तर नक्कीच. त्याच्या विष्ठेत साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.

सगळं लावून झालं की बंड्याला लगेच आत सोडू नका. एक पूर्ण दिवस आणि रात्र रिकामं शोकेस चालवून बघा. वहीत चार वेळा आकडे लिहा : पहाटे पाच, सकाळी नऊ, दुपारी दोन, रात्री अकरा, उबदार टोक आणि गार टोक वेगवेगळं. पहाटेचा आकडा २१ च्या खाली असेल तर हीटरचा वॅट वाढवा. दुपारचा गार टोकाचा २८ च्या वर गेला तर शोकेसला हवेच्या झडपा असतील त्या उघडा, नाहीतर हॅलोजन एक पायरी लहान लावा. पहाटे पाचची नोंद सासूबाईंकडे द्या, तुमच्या पत्रावरून तरी घरात त्याच सगळ्यांच्या आधी उठतात. आठवड्याच्या नोंदी मला पाठवा, सोबत पोटाखालच्या डागाचा दिवसाच्या उजेडातला फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.